चतुराच्या पोटात

इंजेक्शनआधी नर्सने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासाने मला मल्लेश्वरमच्या प्रयोगशाळेत नेऊन बसवलं. साल नव्वदनंतरचं कुठलं तरी. ओढ्यातले किडे काय खातात, हा माझा प्रबंधाचा विषय. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या किड्याचं पोट सुईने उघडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बहुतेकदा शेवाळ असे, नाहीतर कुजक्या पानांचा चुरा.

त्या दिवशी चतुराच्या अळ्यांच्या पोटात मला दुसऱ्याच अळ्यांचे पाय दिसले. त्या अळ्या राहतात वाहत्या धारेत, दगडांना चिकटून. चतुराच्या संथ पाण्यात, गाळात. त्यांची गाठ पडते, हे तोवर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नव्हतं. मी एका बैठकीत आठ पानं लिहिली आणि शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सरोजाक्काला दाखवली. तिने ती शेवटपर्यंत वाचली.

"स्पिरिट कधी घातलंस गं?"

"इथे आल्यावर. बसमध्ये सांडलं असतं."

"आणि सगळे एकाच बाटलीत?"

"हो."

"मग स्वल्प विचार कर की. बसमधले दोन तास काय केलं असेल त्यांनी?"

मी पानं फाडली. तेव्हा वाईट वाटलं ते पानांचं. आता आठवते ती बस. पाणी हिंदकळू नये म्हणून बाटली मांडीवर घट्ट धरून मी खिडकीबाहेर बघत होते, आणि माझा शोध माझ्याच हातात जेवत होता.