खाऱ्या पाण्यातला बर्फ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याला माहीत नाही, स्टाफरूममध्ये समोर बसणाऱ्या बाईंना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं आहे — निदान तसं वाटतंय.

मी भाईंदरच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवते. चांगलं शिकवते. पुढे काय येणार आहे ते मला ठाऊक असूनही हे सांगते, कारण ते खरं आहे. मॅडमनी फळ्यावर लिहायचं आणि मुलांनी उतरवून घ्यायचं, हा प्रकार मी कधीच बंद केला. मी प्रश्न टाकते, चार उत्तरं देते. प्रत्येकाकडे चार रंगांचे पुठ्ठे. आधी एकट्याने विचार करून पुठ्ठा वर करायचा. मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, त्याला पटवायचं, आणि पुन्हा पुठ्ठा वर. यात मागच्या बाकावरची मुलंही बोलतात. घरी मारवाडी, गुजराती, हिंदी बोलणारी मुलं एकमेकांना तोडक्यामोडक्या भाषेत गुरुत्वाकर्षण समजावतात. पद्धत उत्तम आहे. माझा तिच्यावर आजही विश्वास आहे.

मग सांगायचं काय राहिलं?

एकदा दुसऱ्या कॉलेजांतले चार प्राध्यापक माझा तास बघायला आले. प्रश्न नेहमीचा होता — ग्लासात बर्फाचा खडा तरंगतोय, तो वितळला की पाण्याची पातळी वाढेल, उतरेल, तेवढीच राहील, की सांगता येत नाही? उत्तर: तेवढीच. पाहुण्यांना प्रश्न इथल्या, भाईंदरच्या मातीतला वाटावा म्हणून ऐनवेळी मी साध्या पाण्याचं 'मिठागराचं पाणी' केलं. छान वाटलं मला. त्याबरोबर उत्तरही बदलतं, हे डोक्यात आलंच नाही.

पहिल्या फेरीत सगळे रंग दिसले. चर्चा झाली आणि दुसऱ्या फेरीत वर्ग निळा झाला — तेवढीच. एकच पुठ्ठा लाल — वाढेल.

तो सायलीचा. इथल्याच गोडदेव गावची मुलगी, आजोबांची मिठागरं होती. मी कारण विचारलं तशी उभी राहिली. "मॅडम, खारं पाणी जड हाय. बर्फ गोड्या पाण्याचा. वितळला का त्याला जास्त जागा लागंल."

"मिठागर की मॅडम बोल रही है," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मी काय केलं? "आधी ते हाय-न्हाय सोड," मी म्हटलं, "मग फिजिक्सकडे ये." वर्ग आणखी हसला. पाहुणेसुद्धा.

मग आजूबाजूच्या चौघांना सांगितलं, हिला पटवा. ते मागे वळले, तिच्याभोवती वाकले, आणि मी फळ्यावर गणित मांडायला घेतलं. तिसऱ्या ओळीत — हो, तिसऱ्याच — मला दिसलं. दोन्ही पाण्यांच्या घनता वेगळ्या, त्या एकमेकींना कापत नव्हत्या. पातळी वाढणार होती. मुलगी बरोबर होती.

"थांबा, माझं चुकलं, सायलीचं बरोबर आहे." हे बोलायला किती वेळ लागतो? शेवटच्या बाकावर चार माणसं वही उघडून बसली होती. मी ती ओळ तळहाताने पुसली. डस्टरही उचलला नाही. वळून पाहिलं तर तिचा लाल पुठ्ठा खाली गेला होता आणि हातात निळा होता.

मी पाहुण्यांना म्हटलं, "बघा, चर्चेतून मत कसं बदलतं."

एवढ्यावर संपलं असतं तर एका दिवसाची भित्री म्हणून मी स्वतःला सोडून दिलं असतं. पण ते वाक्य लोकांना आवडलं. मला शिक्षकांच्या कार्यशाळांना बोलावू लागले, आणि मी दर ठिकाणी सांगत गेले — एक विद्यार्थिनी होती, हट्टी, एकटीच चुकीच्या उत्तराला धरून बसलेली, मित्रांनी तिला पटवलं. लोक लिहून घ्यायचे. कित्येक वर्षं सांगितलं मी हे. प्रश्न मात्र सांगताना साध्या पाण्याचा करायचे — कुणी हिशेब मांडला तर?

त्या तासानंतर सायली आधी डावीकडे बघायची, मग उजवीकडे, आणि मग पुठ्ठा उचलायची. कोण विचार करतंय आणि कोण दुसऱ्याचं बघतंय, हे या पद्धतीत शिक्षकाला एका नजरेत कळतं. मलाही कळत होतं. वर्षभर.

आणि अजून एक. खरं तर हेच.

वर्ष संपल्यावर ती फिजिक्स सोडायचा अर्ज घेऊन सहीला आली. स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच. मी विचारलं, "मार्क तर चांगले आहेत, सोडतेस कशाला?"

"मार्क पाठांतराचे हायेत, मॅडम." लगेच तिने सुधारलं — "आहेत. माझ्या डोक्याने केलं का चुकतं. त्या बर्फाचं नाही का चुकलं?"

तेव्हा कुणी पाहुणे नव्हते. हसायला वर्ग नव्हता. दार लोटलेलं होतं. कुणाची भीती होती मला? मी म्हटलं, "केमिस्ट्रीलाही चांगला स्कोप आहे."

तिने मान हलवली आणि अर्ज पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात तिच्या नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'विषय समजत नाही.' मी ते वाचलं. पेनाचं टोपण काढलं, आणि त्याखाली सही केली.