मनोरी की डोंगर?

चुलत बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस बोरीवलीला आलो होतो. भावाची माउंटन बाइक मिळाली होती आणि एकच सकाळ मोकळी होती. नॅशनल पार्कबाहेरच्या टपरीवर साठीची एक बाई स्वतःच्या सायकलला टेकून बिनधास्त चहा भुरकत होती. सोललेल्या कोपरावरचं रक्त ओढणीने पुसत होती.

मी विचारलं, "काकू, उद्या बहिणीचं लग्न आहे. आज डोंगरातली कच्ची वाट घेऊ की मनोरीचा किनारा?"

"मनोरीला जा. तिथे पडलास तर चड्डीत वाळू जाते. इथे पडलास तर दात जातात."

"मग तुम्ही इथे कशा?"

तिने जिभेने कवळी पुढे ढकलून दाखवली. "माझे कधीच गेले रे!"

आणि ती डोंगराकडे सुटली. माझे सगळे दात शाबूत होते, म्हणून मी मुकाट मनोरीची बोट धरली.