पेंट शॉपमधला श्रावण

"गोड लागतंय, साहेब."

रिझवानने हात वर केला आणि मी फुगा दाबायचा थांबलो. मास्कचे पट्टे आवळून पुन्हा केलं. पुन्हा गोड. मोठ्या साइजचा मास्क दिला. गोड. चौथ्या वेळी तर मी फुगा दाबायच्या आतच त्याने मान हलवली.

गोड लागलं म्हणून एरवी कोणी तोंड वाकडं करणार नाही. आमच्याकडे मात्र गोड लागणं म्हणजे नापास.

मी अंबडच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. आम्ही गाड्यांचे बंपर रंगवतो. बूथमध्ये रंग मारणाऱ्याच्या नाकातोंडावर रबरी मास्क असतो. तो चेहऱ्याला घट्ट बसतो की नाही, हे बघायला फिट टेस्ट घेतात. मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर प्लॅस्टिकचं एक मोठं टोपडं घालायचं आणि रबरी फुगा दाबून त्यात सॅकरीनच्या पाण्याचा फवारा मारायचा. मग मान वर, मान खाली, डावीकडे, उजवीकडे, वाका, बोला. एवढं करून काहीच चव आली नाही तर पास. गोड लागलं तर कुठूनतरी हवा शिरते आहे. आज सॅकरीन शिरलं, उद्या रंग शिरेल.

आणि हा रंग घरच्या भिंतीचा नव्हे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचा एक पदार्थ असतो. त्याला धड वासही येत नाही. एकदा छातीने त्याचा धसका घेतला की मग बूथच्या दारात नुसतं उभं राहिलं तरी माणसाला धाप लागते, आणि ती खोड जन्मभर जात नाही. म्हणून मास्कचं रबर थेट कातडीवर बसलं पाहिजे. मधे दाढी आली की संपलं.

रिझवान नांदगावचा. सहा वर्षं आमच्याकडे रंगाची गन चालवत होता. त्याच्या हातच्या बंपरमध्ये बघून खुशाल भांग पाडावा. ईदनंतर त्याने दाढी ठेवली होती आणि जुलैच्या सुरुवातीला ती चांगली मूठभर झाली होती. ती मला दिसली म्हणून मी त्याला टेस्टला बोलावलं. एरवी सगळ्यांची टेस्ट मी जानेवारीत घेतो. जानेवारीत तो पास होता.

"आजपासून बूथमध्ये जायचं नाही," मी म्हटलं.

"कधीपर्यंत?"

"दाढी आहे तोपर्यंत."

असं तुटक बोलायची मला सवय आहे. छातीचा प्रश्न असला की मी कोणाचं ऐकत नाही आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. रिझवान पॅकिंगला गेला आणि बंपरला कागद गुंडाळू लागला.

एचआरचे शिरसाठ यांनी दोन दिवसांत नोटीस लावली. पेंट शॉपमध्ये क्लीन शेव्ह सक्तीची. महिन्याची मुदत. त्यानंतर पालन न करणाऱ्यास पेंटर म्हणून अपात्र समजण्यात येईल. रिझवानची नेमणूकच पेंटर म्हणून होती, तेव्हा अपात्र म्हणजे घरी. नोटिशीत नाव कोणाचंच नव्हतं, पण ती कोणासाठी आहे हे कँटीनच्या मावशींनाही कळत होतं.

मी एक काम केलं. प्लांट हेड निकम साहेबांना मेल पाठवला की बाजारात एअर हूड मिळतं. डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारं सैल आवरण. कंप्रेसरची हवा फिल्टरमधून गाळून त्यात सोडतात, ती सतत बाहेर ढकलत राहते, त्यामुळे रंग आत येत नाही. दाढी असो नसो, फरक पडत नाही. एक मागवू या, रिझवानची गन चालू राहील.

उत्तर एका ओळीचं आलं. एका माणसासाठी एवढं नको, शेव्ह करायला सांगा.

मी मेल फाइलला लावला. मेल गेला की सेफ्टी ऑफिसर सुटला, असा आमच्या जातभाईंमध्ये एक सोयीचा समज आहे. मीही सुटलो.

आठवड्याने रिझवान केबिनमध्ये आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"साहेब, दाढी नाय काढणार."

"का रे बाबा? नोकरीपेक्षा मोठी आहे का ती?"

"मोठी-लहान मला नाय माहीत. मला कोणी जबरदस्ती केलेली नाय. विचार करून ठेवली, आता नोटीस बघून काढली तर घरी तोंड कसं दाखवू? बायको काय बोलणार नाय, पण मलाच लाज वाटंल."

"मग तुझ्या छातीचं काय?"

"ते तुमचं बरोबर हाय. बिनमास्कचा मला बूथमध्ये पाठवा असं मी बोलतच नाय." त्याने दाराकडे एकदा बघितलं. "एक विचारू? राग नका मानू."

"विचार."

"श्रावणात काय करता?"

"काय करतो म्हणजे?"

"गांगुर्डे महिनाभर दाढी करत नाय. बाकीचे पण नाय करत. तुम्ही पण नाय करत, साहेब. आणि सगळे तोच मास्क लावून आत जातात."

मला संताप आला. खोटं बोलला असता तर हसून सोडून दिलं असतं. खरं होतं म्हणून झोंबलं. "तू तुझं बघ," असं म्हणून मी त्याला घालवून दिला.

मग कपाट उघडलं. आठ वर्षांच्या फिट टेस्टच्या फायली. सगळे पास. सगळ्या टेस्ट जानेवारीतल्या. जानेवारीत सगळे कसे गुळगुळीत असतात! श्रावण लागला की दाढ्या वाढतात, पोळा झाला की न्हाव्याकडे रांग लागते. माझं घर देवळ्याचं. आमच्याकडे वडील पाळत होते, म्हणून मी पाळतो. कधी कोणाला विचारलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. आठ श्रावण मी स्वतः दाढी वाढवून त्या बूथच्या दारात उभा राहिलो आणि आत जाणाऱ्या दाढीवाल्यांच्या मास्कचे पट्टे तपासले. पट्टे बघितले, गाल बघितले नाहीत. ते गाल घरचे होते ना. रिझवानची दाढी मात्र मला पार्किंगमधून दिसली.

त्या दिवशी मला स्वतःची खरंच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शिरसाठांना गाठलं. "श्रावणात पेंट शॉपची फिट टेस्ट घेतो आहे. सगळ्यांची."

शिरसाठांनी आधी दार लावलं. "देवरे, डोकं ठिकाणावर आहे ना? श्रावण आहे तो. लोकांच्या धर्माचा प्रश्न येतो."

"आणि रिझवानचा कशाचा येतो?"

"अहो, त्याची कायमची आहे. यांची महिन्याभराची."

"आयसोसायनेटला कॅलेंडर वाचता येत नाही."

"जानेवारीची टेस्ट वर्षभर व्हॅलिड असते ना? तुम्हीच लिहून दिलंय."

"चेहरा तोच असेल तर असते. हेही मीच लिहिलंय, खाली बारीक अक्षरात."

"उगाच नसतं झेंगट गळ्यात घेऊ नका," शिरसाठ म्हणाले. माणूस वाईट नाही. पोरांच्या शाळेचे दाखले असोत की कोणाच्या आईचं ऑपरेशन, धावून जातो. त्याला फक्त शांतता हवी असते, आणि एकाला घरी पाठवून शांतता मिळत असेल तर ती त्याला स्वस्त वाटते.

पण टेस्ट कधी घ्यायची, हे ठरवायचा अधिकार माझा आहे. नोकरीत मला मिळालेला हा जवळजवळ एकमेव अधिकार. तो मी वापरायचा ठरवला.

श्रावणाचा दुसरा सोमवार निवडला आणि तिथेच फसलो. सकाळी गांगुर्डे टोपडं घालायला तयार होईना. सुरगाण्याकडचा हा गडी, आमचा सगळ्यात जुना पेंटर.

"साहेब, आज उपास हाय. ह्ये गोड पानी उपासाला चालतं का?"

आता याचं उत्तर कुठल्या मॅन्युअलमध्ये शोधायचं? साखर चालते, सॅकरीनचं मला माहीत नव्हतं. माझाही उपासच होता. टेस्ट मंगळवारवर गेली. नोटिशीची मुदत संपायला तीन दिवस उरले होते.

मंगळवारी दोन्ही शिफ्टचे चौदाच्या चौदा पेंटर बोलावले. पॅकिंगमधून रिझवानलाही बोलावून घेतलं आणि फुगा त्याच्या हातात दिला.

"पहिला माझा नंबर," मी म्हटलं.

बारा दिवसांची दाढी होती. मी मास्क लावला, पट्टे आवळले, वर टोपडं घातलं. रिझवानने फुगा दाबायला सुरुवात केली. मान सरळ, काही नाही. दीर्घ श्वास, काही नाही. मला वाटलं, चला, वाचलो. मान डावीकडे वळवली आणि जिभेवर गोड पाणी आल्यासारखं झालं. मी हात वर केला.

सगळे खो खो हसले. "साहेबच नापास!" रिझवान हसला नाही. त्याने फुगा खाली ठेवून टोपडं पुसलं आणि गांगुर्डेच्या हातात दिलं.

मग एकेक बसत गेला. पहिल्या तीन-चार हातांपर्यंत हशा चालला. नंतर हसणं कमी झालं, कारण हात वर जातच राहिले. गांगुर्डे नापास झाल्यावर मास्क हातात धरून बराच वेळ त्याकडे बघत होता. "म्हंजी आम्ही इतकी वर्सं श्रावनात नुसतंच तोंड झाकून घेतलं का, साहेब?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? "चूक माझी आहे."

चौदापैकी अकरा नापास. पास झालेले तिघे श्रावण न पाळणारे. मी अकरा जणांच्या नावांवर सही केली आणि त्यांना बूथमध्ये जायला मनाई केली. एक बूथ बंद पडला.

अर्ध्या तासात निकम साहेबांचं बोलावणं आलं. शिरसाठ आधीच बसलेले होते.

"देवरे, तुम्ही लाइन बंद केली?"

"अकरा जणांचे मास्क गळतायत, साहेब."

"मग त्यांना सांगा दाढी करायला!"

"तुम्ही सांगा, साहेब. नोटीस भिंतीवर आहेच. शुक्रवारी मुदत संपते. रिझवानला घरी पाठवणार असाल तर हे अकरा पण पाठवावे लागतील. नियम पेंट शॉपचा आहे, एकट्या रिझवानचा नाही."

निकम साहेबांनी हनुवटीवरून हात फिरवला. त्यांचीही पांढरी दाढी बारा दिवसांची होती. ते दरवर्षी तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करतात, पायात चपला न घालता. त्यांना उद्या कोणी दाढी कर म्हणून फर्मान काढलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. बहुधा त्यांनाही.

"शिरसाठ, अकरा जणांना असं सांगता येईल?"

"कठीण आहे, सर. धार्मिक भावना..." शिरसाठ अर्ध्यावर थांबले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"दुसरा काही मार्ग?"

"आहे. गेल्या महिन्यात मेल पाठवला होता."

त्यांनी मेल शोधला. वाचला. खाली स्वतःचंच उत्तर वाचलं.

"बारा मागवा," ते म्हणाले. "आजच."

महिनाभर ज्याला वेळ नव्हता, ते काम संध्याकाळी पाचच्या आत झालं. पुण्याच्या डीलरकडे माल होता. चौथ्या दिवशी हूड आले, कंप्रेसरला वेगळा फिल्टर बसला. मधले दिवस तिघांनी जीव तोडून काम केलं, डिस्पॅच तरी लांबलाच आणि कस्टमरच्या शिव्या मी खाल्ल्या. अकराही जणांना छातीच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट ठीक आले. त्यात माझं कर्तृत्व शून्य, त्यांचं नशीब. नोटीस शिरसाठांनी स्वतः काढली, जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना.

मुदत संपून दुसऱ्याच दिवशी रिझवान बूथमध्ये परतला. हूड घालायला मीच मदत केली, हवेचा नळ जोडला, बटण दाबलं. हूडच्या काचेआड त्याची दाढी वाऱ्याने जरा हलली. मी अंगठा वर करून विचारलं, ठीक आहे ना? त्यानेही अंगठा दाखवला. त्या दिवशी त्याने वीस-बावीस बंपर काढले, एकावरही धुळीचा दाणा नाही.

सुटी झाल्यावर तो हूड पुसत होता. मला वाटत होतं की त्याने काहीतरी बोलावं. खरं सांगायचं तर आभार मानावेत, अशी अपेक्षा होती. माणूस असतोच तसा.

"कसं आहे हूड?"

"लय भारी हाय, साहेब. थंड हवा येते." त्याने काच पुसून उजेडात धरून बघितली. "पण हे माझ्यासाठी नाय आलं."

त्याने हूड खुंटीला लावलं, सलाम केला आणि घरी गेला.

आता फिट टेस्ट मी वर्षातून दोनदा घेतो, आणि पहिला नंबर कायम माझा लावतो. नव्याने लागलेले सेफ्टीवाले विचारतात, नियम लिहिताना काय बघावं. मी सांगतो, तो ज्याच्यासाठी लिहिताय त्याचं नाव मनात येत असेल तर पेन खाली ठेवा. शिकायला मला आठ वर्षं लागली. रिझवानला एक महिना पॅकिंगला उभं राहावं लागलं, आणि त्या महिन्याची भरपाई कुठल्या फॉर्मवर करायची हे मला अजून सापडलेलं नाही.