दादाची फ्रेम आणि माझे बारा झिंगे

माझा भाऊ हट्टी होता, घमेंडी होता, आणि माझे बारा झिंगे त्यानेच मारले.

त्याला जाऊन आज वर्ष झालं.

सकाळपासून तुम्ही लोक 'मनमिळाऊ', 'सदा हसतमुख' लिहून टॅग करताय. कोणाबद्दल लिहिताय? रामेश्वर दादा हसतमुख? आमच्या इकडच्या गोरेगावात त्याच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात कधी गेलाय का कोणी? जळालेला पंप घेऊन आलेल्या माणसाला तो आधी अर्धा तास झापायचा, मग पंप हातात घ्यायचा.

आणि ज्या चुलतभावाने आज 'हाडाचा कलाकार' लिहिलंय ना, त्याची तर कमालच आहे. दादाने बनवलेली फ्रेम पाहून हाच माणूस माझ्या घरात खो खो हसला होता.

"हे काय, कपडे वाळू घालाचं हाय का?"

कलाकार म्हणे.

तर ती फ्रेम.

साडेतीन वर्षांपूर्वी मी कुडव्याच्या घरी तीन फुटांचा फिश टँक आणला. त्यात खरी झाडं लावली. त्या झाडांना तेज लाइट लागतो, आणि तो पाण्याच्या हातभर वर टांगावा लागतो. घर भाड्याचं. घरमालकीण छताला साधा खिळा ठोकू देत नव्हती.

दुकानदाराने रेडीमेड स्टँड दाखवला. "मैडम, इम्पोर्टेड है." मी दादाला फोटो पाठवला.

लगेच फोन. "हे? याले तं माही बकरी बी पाडते. थांब, मी बनवतो."

रविवारी गोरेगावहून मोटारसायकलवर आला. मागे कोणाच्या तरी जुन्या खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बांधलेल्या, दोन्ही बाजूंना हातहातभर बाहेर आलेल्या. रस्त्यात कोणाचा डोळा फुटला नाही हे नशीब.

मोजायला टेप नाही. दोरा.

"दादा, टेप देऊ का?"

"मोटारी काय टेपानं बांधतो का मी?"

टँकच्या टेबलाच्या मागच्या कडेला दोन उभे खांब कसले. वरून पुढे येणारे दोन हात. त्यांच्यावर एक आडवी पट्टी. त्या पट्टीला वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेने टँकचे दोन लाइट टांगले. बांधायची कोणतीही गोष्ट दादा त्याच तारेने बांधायचा, बैलाच्या दाव्यापासून चष्म्याच्या काडीपर्यंत.

उजवी बाजू बोटभर खाली. माझे मिस्टर म्हणाले, "दादा, वाकडी आहे."

"भिंत वाकडी हाय तुमची."

मग उरलेली तार त्याने ब्लेडने खरवडली. वरचं इनॅमल काढून उघडं तांबं केलं, वेटोळं केलं, आणि टँकच्या कोपऱ्यात पाण्यात सोडून दिलं.

"तांब्याचं पानी चांगलं रायते. आपन तांब्याच्या गुंडातलं पानी पिऊन मोठे झालो. मेलो का?"

पुढच्या आठवड्यात मी टँकमध्ये बारा झिंगे सोडले, शोभेची बारकी कोळंबी. नखाएवढे, लालभडक. खास नागपूरहून मागवलेले.

चौथ्या दिवशी एकही जिवंत नव्हता. आधीपासून टँकमध्ये असलेल्या गोगलगायीही गेल्या. मासे तेवढे वाचले.

दुकानदाराला फोटो पाठवला. "कॉपर डाला क्या आपने? झींगा तो मरेगा ही."

मी तिथल्या तिथे दादाला फोन लावला. दुकानात त्याचे हात वार्निशने भरलेले असायचे, म्हणून फोन कायम स्पीकरवर. चार-पाच गिऱ्हाइकं समोर उभी असणार, हे मला पक्कं माहीत होतं.

"झिंगे मेले. तुह्या तारेनं मेले."

"तांब्यानं काऊन मरतीन? मले शिकवून रायली का?"

"दादा, तू मोटारीच बांध. जित्या वस्तूले हात नको लावू."

मागे कोणीतरी हसलं. मला ऐकू आलं.

दादा म्हणाला, "बरं." फोन बंद.

त्यानंतर तो भाऊबीजेला येत राहिला. पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा, साडी द्यायचा. पण टँकच्या खोलीत त्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही. एवढा माज. आणि मीही त्याचीच बहीण. एक लाइट बिघडला तर दुसरा इलेक्ट्रिशियन बोलावला, पण त्याला सांगितलं नाही.

शेवटच्या भाऊबीजेला जेवण झाल्यावर तो समोरच्या खोलीतूनच म्हणाला,

"मासे हायेत का?"

एवढंच. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हणाले, "हायेत." आणि चहा ठेवायला गेले.

तीन महिन्यांनी भर दुपारी दुकानातच तो गेला. हृदयविकार.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते सांगते. ते वेटोळं पाण्यात सोडताना मी तिथेच उभी होते. मी आठवीला विज्ञान शिकवते. तांबं बारक्या जिवांना मारतं, हे मी फळ्यावर लिहून दिलंय. त्या दिवशी मला ते आठवलंसुद्धा नाही. उलट बरं वाटलं, घरच्या गुंडाची, त्या तांब्याच्या हंड्याची आठवण झाली. तार मी पाहिली, राहू दिली, आणि त्यातच झिंगे सोडले. सगळा दोष मात्र त्याच्या एकट्याच्या माथी मारला, तोही त्याच्या गिऱ्हाइकांसमोर.

तुमच्या 'RIP' आणि फुलांच्या इमोजींची लाज वाटते, पण माझी स्वतःची जास्त वाटते.

त्या दिवशी तो माशांचं विचारत नव्हता. आत येऊ का, असं विचारत होता. मला ते तेव्हाच कळलं होतं. कळलं म्हणूनच मी उठून गेले.

दादा, तुला चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांतच सांगते. चूक दोघांची होती. अपमान केला तो मात्र मी एकटीने.

तुला शेवटचा नमस्कार.