चपलांना तेल

दुपारी आई दाराशी बसून माझ्या कोल्हापुरी चपलांना तेल चोळत होती. मोटारसायकलच्या अपघातात माझा पाठीचा कणा मोडला, त्यात सळ्या घातल्या, तेव्हापासून चपला नुसत्या पडून आहेत. वापर नसला की चामड्याचं लाकूड होतं. पायांचंही तेच होतं, फक्त त्यांना तेल पुरत नाही.

“कुणासाठी चाललंय हे?” मी खेकसलो.

“तुझ्यासाठीच. उद्या चावायला लागल्या म्हणजे?”

चपलेनं चावावं, अंगठ्याशी फोड यावा, मी तिला शिव्या घालत चालावं. देवाकडे आता एवढंच मागणं उरलंय.

आईनं खाटेजवळ येऊन एक चप्पल माझ्या पायात सरकवली. “चावते का रे?”

पायात चप्पल आहे, हेही मला कळत नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो.

आईचा चेहरा केवढा खुलला!