आठ वाघिणी आणि आमची खळ

पहिला फटका त्याच्या कानावर बसला. रुळाचा बोल्ट मुठीत धरून मारलेला. दुसरा डोळ्याखाली. तो खाली पडला तेव्हा त्याची वही घरंगळत माझ्या पायाशी आली आणि मी ती उचलली नाही, कारण मी घोषणा देत होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना कुणी मला बघ्यांच्या रांगेत उभं करू नये.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, खिदिरपूरच्या मालधक्क्यावर अधिकारी. बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा मी तिसरीत होतो. घरात मराठी, दाराबाहेर बंगाली. बंगाली मी शाळेत कमी आणि पत्रकांवर जास्त शिकलो. कॉलेजच्या फाटकावर मिळालेली पत्रकं घरी आणायचो, आई त्यांवर पालेभाजी निवडायची आणि देठांखालची वाक्यं मी पाठ करायचो. पुढे तशी वाक्यं स्वतः लिहायला लागलो. बरी लिहायचो, हीच तर अडचण झाली.

त्या वर्षांत शहर भिंतींवरून वाचलं जायचं. आदल्या दिवशी गल्लीत कोणत्या राजकीय गटाचं राज्य होतं आणि आज कुणाचं आहे, हे भिंत सांगायची. गल्लीच्या तोंडाशी प्रेत पडलेलं दिसलं तर लोक वाट बदलून कामावर जायचे. आमच्या कॉलेजातल्या एका मुलानं दुसऱ्या गटाचा कागद भिंतीवरून फाडला, तर त्याच्या मनगटावर कोयता बसला. तेव्हापासून चिकटवलेल्या कागदाला कुणी हात लावत नसे. घरमालकसुद्धा आपल्या दारावरचा कागद पावसानं गळून पडेपर्यंत वाट बघायचे.

धक्क्यावर गव्हाच्या पोत्यांनी भरलेल्या मालगाडीच्या आठ वाघिणी उभ्या होत्या. जहाजातून उतरलेला तो गहू आतल्या जिल्ह्यात जायचा होता. इंजिन कमी पडलं म्हणून त्या दोन दिवस रखडल्या. वाघिणींच्या खाली सांडलेले दाणे शेजारच्या वस्तीतल्या बाया केरसुणीनं गोळा करायच्या, माती पाखडायच्या. पहारेकरी त्यांना काठीनं हुसकायचा. एकीच्या पाठीवर काठी बसलेली मी पाहिली आणि त्याच दुपारी पत्रक लिहिलं. "माणसं उपाशी, गहू कैदेत." आमच्या गटाच्या म्होरक्याकडे पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, शांत आवाजाचा, आणि तो शांत आवाजच जास्त भीतीदायक. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही मैद्याची खळ शिजवली आणि आठही वाघिणींच्या कुशी कागदांनी भरून टाकल्या. मी स्वतः, माझ्या हातानं.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांचा डबा घेऊन धक्क्यावर गेलो, तर नंबरबाबूनं मला बाजूला घेतलं. नंबरबाबू म्हणजे रोज सकाळी वाघिणींच्या रांगेतून चालत त्यांचे नंबर वहीत उतरवणारा कारकून. साठीला टेकलेला, कानामागे पेन्सिल.

"खोका," तो म्हणाला, बंगालीत मुलाला म्हणतात तसं, "ते कागद तुझ्या दोस्तांना काढायला सांग. आम्ही काढले तर हात राहायचे नाहीत."

"खरं लिहिलंय म्हणून झोंबतंय?"

"अरे ऐक तर, ती गाडी..."

"गाडीचं आम्ही बघू," मी म्हणालो आणि निघालो. त्याला वाक्य पुरं करू दिलं असतं तर हे सगळं लिहावं लागलं नसतं.

त्या दिवशी इंजिन आलं, शेजारच्या रुळावरच्या बारा वाघिणी घेऊन गेलं. आठ जागच्या हलल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. वडील जेवताना बोटं दुमडत कारणं मोजत होते. "ब्रेक ठीक. चाकं ठीक. वजन ठीक. परवान्यावर माझी सही आहे. तरी उचलत नाहीत. कळत नाही."

"कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?"

"तुझ्या कागदात कारण लिहिलं असेल तर सांग बाबा, मीही वाचतो."

"ताटावर भांडू नका रे," आई म्हणाली.

"नंबरबाबूला विचारलं," वडील तिला म्हणाले, "तर तो मान खाली घालतो. माझ्याकडे बघतच नाही."

मला एवढं पुरलं. मान खाली घालतो म्हणजे चोर. दुसरं पत्रक मी अर्ध्या तासात लिहिलं. त्यात त्याचं नाव नव्हतं, पण कानामागची पेन्सिल होती, वही होती, आणि "कोणत्या वाघिणीनं हलायचं हे ठरवणारा हात" होता. म्होरक्यानं वाचून माझा खांदा दाबला. "आता कसं," तो म्हणाला.

सकाळी वस्ती धक्क्यावर आली. साठ-सत्तर माणसं, पुढे आम्ही. नंबरबाबूला केबिनमधून ओढून काढलं तेव्हा पेन्सिल कानामागेच होती. मग तो बोल्ट. मग लाथा. एका बाईनं त्याच्या तोंडात वाघिणीखालची माती कोंबली. "खा, हे खातो आम्ही!" त्या बाईची भूक खोटी नव्हती. हे मी आजही म्हणेन.

वडील धावत आले. त्यांना वाटेतच अडवलं, शर्ट फाटला. पण ते नंबरबाबूकडे गेले नाहीत, वाघिणीकडे गेले. मला वाटलं, घाबरले. नंतर ते म्हणाले की त्याला लाथा बसत असताना तो एकाच दिशेनं, वाघिणींवरच्या कागदांकडे, हात करत होता. ते पहिल्या वाघिणीपाशी गेले आणि नखांनी आमचा कागद सोलायला लागले. साऱ्या जमावासमोर. कुणीतरी वीट मारली, ती त्यांच्या पाठीवर बसली. ते सोलत राहिले. खळ चांगली शिजली होती, कागद चिंधी चिंधीनं निघत होता. खालून लोखंडी खण दिसला. त्यात पुठ्ठ्याचं लेबल.

"हे बघ!" ते माझ्याकडे वळून मराठीत ओरडले. त्या साठ-सत्तर माणसांत ते एकट्या मलाच कळणार होतं. "हिचा पत्ता आहे हा! कुठे जायचं ते यावरून वहीत चढतं. वहीवरून यादी, यादीवरून इंजिन. लेबल दिसलं नाही तर वाघीण उचलत नाहीत. कागद फाडायची कुणाची छाती होती? आणि कुणाच्या पोरानं चिकटवलाय, हे तो मला कोणत्या तोंडानं सांगणार होता?"

माझ्या तोंडातली घोषणा तिथेच तुटली.

मी नंबरबाबूच्या अंगावर आडवा पडलो. "थांबा! कागद आमचे आहेत! गाडी आम्हीच अडवली! मी लिहिलं, मी चिकटवलं, यानं काही केलेलं नाही!" दोन लाथा मलाच बसल्या, तिसरी आली नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. म्होरक्या पुढे आला. आवाज तसाच शांत.

"उठ. तू गोंधळलायस."

"लेबल बघ. वाच."

"लेबल वाचायला नाही आलो इथे." मग तो वस्तीकडे वळला. "साहेबाचा मुलगा बापासाठी बोलतोय. बर्गी शेवटी बर्गीच." बंगालात मराठ्यांना लुटारू म्हणायची ती जुनी शिवी. दहा वर्षं मी तिच्यावर हसत आलो होतो. या वेळी तिच्या पाठोपाठ सळई आली आणि माझं उजवं कोपर मोडलं.

एका हातानं मी दुसऱ्या वाघिणीचा कागद सोलायला घेतला. माती कोंबणारी ती बाई बराच वेळ बघत उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. "यानं गहू जाईल?" तिनं विचारलं. मी होय म्हणालो. "आम्हाला नाही मिळायचा, पण कुणाला तरी मिळेल?" मी पुन्हा होय म्हणालो. ती थुंकली, आणि नखांनी तिसऱ्या वाघिणीचा कागद काढायला लागली. मग उरलेले कागदही निघाले, वडिलांनी लेबलं वहीत चढवली आणि दुपारी इंजिन येऊन आठही वाघिणी घेऊन गेलं.

नंबरबाबू जगला. उजवा डोळा गेला, डावाही अधू झाला. नंबर वाचता येणार नाहीत म्हणून त्याचं कामही गेलं. मी माफीचं पत्रक लिहिलं, पण म्होरक्याचं यंत्र मला बंद होतं. डाव्या हातानं वीस प्रती लिहून काढल्या, सगळ्यांत वर माझं नाव. त्या चिकटवल्या तर मला काय होईल हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई दारात आडवी उभी राहिली. वडिलांनी तिला बाजूला केलं आणि मला म्हणाले, "आधी त्याला दाखव. जखम त्याची आहे."

तो खाटेवर बसला होता, अर्धं तोंड पट्टीत. मी कागद हातात दिला. त्यानं तो उरलेल्या डोळ्याजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ नेला. बायको म्हणाली, मी वाचून दाखवते. त्यानं नको म्हणून मान हलवली. मग कागद मला परत केला.

"मोठ्या अक्षरात लिहून आण," तो म्हणाला. "मला स्वतः वाचायचंय."

मी तिथेच जमिनीवर बसून लिहायला घेतलं.