माझं दंडवत वाकडं जात होतं

मला फार लिहिता येत नाही, शाळा चौथीतच सुटली. जे झालं ते सांगतो. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. बायकोला जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि देवीवर माझा विश्वास उरला नव्हता. माझी कंबर बरी व्हावी म्हणून हिनं सातपुड्याच्या पायथ्याच्या देवीला नवस बोलला होता, की हे फाट्यापासून देवळापर्यंत दंडवत घालत येतील. कंबर बरी झाली नाही. हीच गेली. मग कसला नवस? पण तिचा शब्द तसाच लोंबकळत ठेवणंही मला जमेना.

जन्मभर फैजपूरकडच्या बागांत केळीचे घड खांद्यावर वाहिले, शेवटी कंबर धरली. दुखणं सोसता येतं हो. पण माझं अंग कुठं आहे तेच मला कळेनासं झालं. मला वाटायचं मी ताठ उभा आहे, आणि सून म्हणायची, "आबा, डावीकडे कलले तुम्ही." उठायचं म्हटलं तर पाय तयार, कंबर मागेच. जळगावच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. पाठीतले बारीक स्नायू अंगाची खबर डोक्याला देतात, फार दिवस दुखलं की ती खबर चुकते, मग स्नायू वेळेवर आवळतही नाहीत. हळूहळू सुधारेल म्हणाले. मी मान हलवली आणि चैत्रात यावलहून एसटीत बसलो. पोरगा दीपनगरच्या वीज केंद्रात कामाला, तो रजा काढून आला, पण तोंड पाडून.

फाट्यावर आडवा झालो. हात पुढे लांबवायचे, बोटं पोचतील तिथं मातीत रेघ ओढायची, उठून त्या रेघेवर उभं राहायचं, की पुन्हा आडवं. डोळे मी मिटलेले ठेवले होते. थोडं गेल्यावर पोरगा ओरडला, "आबा, कुठे चालले? देऊळ उजवीकडे राहिलं, समोर केळीची बाग आहे!"

"चूप बस. मी सरळच चाललो."

डोळे उघडले तर खरंच बाग. अंगच वाकडं पडत होतं, म्हणून रेघही वाकडी. पुन्हा रस्त्यावर आलो, पुन्हा तेच झालं. आमच्याकडे दंडवत घालणाऱ्याला कोणी धरलं तर नवस पोचत नाही म्हणतात, त्यामुळे पोरगा लांबच उभा. मग एकदा आडवा झालो तो उठताच येईना. कंबर आहे का नाही तेही समजेना. तोंडात माती गेली. वाटलं, हिचा शब्द आता इथंच धुळीत पडणार.

तेवढ्यात कमरेवर हात पडला. बाईचा, खरखरीत.

"आबा, आठे शे तुमनी कंबर. मना हात शे ना, त्याले धरीसन उठा."

"हात काढ बाई, नवस मोडेल."

"देवीले काय समजत नही का? उठा!"

ही गेल्यापासून माझ्या कमरेला कोणाचा हात लागला नव्हता. तेल तीच चोळायची. हात होता तिथं कंबर आहे, एवढं मला कळलं, आणि कळताच ती आवळली. उठलो. मग प्रत्येक दंडवताला त्या बाईचा हात पाठीवर. कललो की ती दाबायची, मी वळायचो. नवस मोडेल हा विचार मी सोडून दिला. तिनं न्यावं, मी जावं.

पायरीला कपाळ टेकलं. देवीला जाब विचारायचा ठरवून आलो होतो, पण तोंडातून निघालं एवढंच, "आई, हिचा शब्द पोचवला गं."

बाई कुठं गायब बियाब झाली नाही. धुळ्याकडची होती, लेकीच्या बाळंतपणाचा नवस फेडायला आलेली. आमच्याजवळ बसून भाकरी खाल्ली, माझ्या पोराला हसली, "बाप पडेल शे, अन तू उभा राहीसन देखस?" आणि तिच्या गाडीनं गेली. नाव विचारायचं राहिलं. तिला कोणी पाठवलं ह्यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

कंबर अजून पुरती बरी नाही. सकाळी डॉक्टरांचा व्यायाम करतो तेव्हा पोराला हाक मारतो, ये, हात ठेव. आधी तो लाजायचा. आता ठेवतो, आणि मी डोळे मिटून उभा राहतो.